शाई फुटूं नये म्हणून

वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर फाउंटनपेननें चार शब्द लिहून पाहावे. पहिलें अक्षर उमटतें न उमटतें तोंच त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक केस फुटूं लागतात, काना जाड होतो, अनुस्वाराचा ठिपका वाटाण्याएवढा पसरतो, आणि वाक्य संपेपर्यंत पहिला शब्द कागदाच्या पाठीवर जाऊन पोंचलेला असतो. आतां पुण्याच्या पेशवे दप्तरांतील एखादें अडीचशें वर्षांपूर्वींचें पत्र पाहावें. बोरूनें भरधांव लिहिलेल्या मोडीच्या ओळी आहेत, कारकुनाला घाई होती हें उघड दिसतें; पण वळणाची कड कोठें फुटलेली नाहीं, कीं ओळ ओळीला चिकटलेली नाहीं. दोन्ही ठिकाणीं कागदच आहे, दोन्ही ठिकाणीं शाई पाण्यांतच कालवलेली आहे. मग हा फरक कोठून आला?

याचें मोठें कारण आहे खळ. धुतलेल्या कापडाला खळ देतात हें प्रत्येक घरांत ठाऊक असतें. पण लिहिण्याच्या कागदालाही ती द्यावी लागते, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कागद म्हणजे चिंध्या, ताग, झाडाची साल किंवा लांकूड कुटून, पाण्यांत कालवून, चाळणीवर पसरून वाळविलेली तंतूंची चटई होय. या तंतूंना पाण्याची उपजत ओढ असते. आणि दोन तंतूंमधील सूक्ष्म पोकळ्या समईच्या वातीनें तेल ओढावें त्याप्रमाणें ओल ओढून घेतात. वातीचा हा गुण लेखनाच्या कामीं दोष ठरतो. टीपकागद हा कांहीं निराळा पदार्थ नव्हे. खळ न दिलेला कागद तोच टीपकागद. त्यावर लिहावयाचें असेल तर तंतूंची ही तहान आधीं भागवावी लागते. पिठाची कांजी, जनावरांच्या कातड्याचा सरस आणि झाडाची राळ हे त्या कामीं जगानें वापरलेले तीन मुख्य पदार्थ.

कागदाचा इतिहास पुष्कळदां सांगितला जातो; त्याच्या खळीचा इतिहास क्वचितच कोणी सांगतो. वस्तुतः कोणता कागद पांचशें वर्षें तगला आणि कोणता पन्नास वर्षांत चुरा होऊन गेला, याचा निकाल बऱ्याच अंशीं या अदृश्य लेपानेंच लावलेला आहे.

कागदाची विद्या मूळची चीनची. इ. स. १०५ मध्यें त्साइ लुन नांवाच्या दरबारी अधिकाऱ्यानें ती सम्राटापुढें मांडली अशी परंपरा आहे. त्याहूनही जुने कागदाचे तुकडे उत्खननांत सांपडले आहेत. चिनी लेखक कुंचल्यानें लिही, आणि त्याची शाई म्हणजे काजळी व सरस यांची वडी पाण्यांत उगाळून केलेला रस असे. शाई आवरण्यासाठीं तेथील कागद्यांनीं प्राचीन काळींच पिठाच्या खळीचा उपयोग केला. पुढें चिनी लेखकांनीं व चित्रकारांनीं कागदाचे ‘कच्चा’ आणि ‘पक्का’ असे दोन वर्गच पाडले. पक्क्या कागदाला सरस व तुरटी यांचें पाणी दिलेलें असतें. बारीक अक्षर किंवा रेखीव चित्र काढावयाचें तर तोच हवा. कच्च्या कागदाला खळ नसते, आणि त्यावर शाई मुद्दाम पसरूं दिली जाते. डोंगरावरचें धुकें, ओल्या बांबूचें पान, मावळतीचा ढग, हे सारे त्या पसरण्यांतूनच साकार होतात. शाईचें फुटणें सर्वत्र निंद्य मानावें असें नाहीं, हें त्या चित्रकारांनीं दाखवून दिलें. परंतु ज्याला सनद लिहावयाची किंवा हिशेब ठेवावयाचा त्याला ही चैन परवडणारी नव्हती.

इसवी सनाच्या आठव्या शतकांत ही विद्या समरकंदास आणि तेथून बगदादेस गेली. पश्चिम आशियांतील लेखक कुंचला वापरीत नसत. त्यांची लेखणी बोरूची, तिरपी कापलेली आणि टोंकाला चिरलेली असे. कुंचला कागदाला नुसता स्पर्श करितो, बोरू त्यावर घासतो. मऊ कागदांत बोरूचें टोंक अडकतें, तंतू उचकटतात आणि उचकटलेल्या तंतूंवाटे शाई वाट फुटेल तिकडे धांवते. म्हणून तेथील कारागिरांनीं दोन उपाय एकत्र केले. गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठाची कांजी कागदाच्या दोन्ही अंगांस चोळावयाची, आणि ती वाळल्यावर गुळगुळीत दगडानें कागद घोटावयाचा. खळीनें पोकळ्या भरत, आणि घोटाईनें तंतू दबून पृष्ठभाग कांचेसारखा होई. तुर्कस्तानांतील सुलेखनकारांनीं याच्याही पुढची पायरी गांठली. अंड्याचा पांढरा बलक तुरटीनें फेसून त्याचा लेप ते कागदास देत, घोटून तो कागद दीर्घ काळ मुरत ठेवीत, आणि मगच त्यावर लेखणी टेकवीत. अशा कागदांत शाई मुळींच शिरत नाहीं, वरच्या वर बसते. अक्षर चुकलें तर ओल्या बोटानें तें पुसून पुन्हां काढतां येतें.

मुसलमानी राजवटीबरोबर हीच रीत दक्षिणेंत रुजली. सन १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें राजधानी दिल्लीहून दौलताबादेस आणली. त्या परिसरांत खुलदाबादेजवळ वसलेलें कागजीपुरा हें गांव आपल्या नांवानेंच त्या धंद्याची साक्ष देतें. मराठेशाहीच्या काळांत जुन्नरचा कागद नांवाजलेला होता, आणि पुण्याच्या कसबा पेठेंतील कागदीपुरा ही वस्ती त्याच कसबाची. या कागद्यांचा कच्चा माल अगदीं सामान्य असे: जुनें गोणपाट, झिजलेले दोरखंड, रद्दी. तो चुन्याच्या पाण्यांत भिजत घालावयाचा, कुटावयाचा, धुवावयाचा, आणि पुन्हां चुन्यांत टाकावयाचा. असें अनेक वेळां केल्यावर जो लगदा होई तो हौदांत कालवून गवताच्या काड्यांच्या जाळीवर एकेक ताव उचलला जाई. ताव वाळल्यावर त्यास कांजीची खळ देत, पुन्हां वाळवीत, आणि लांकडी फळीवर ठेवून दगडानें किंवा शंखानें घोटीत. घोटण्याचें काम कष्टाचें होतें. एका तावाची एक बाजू झाली कीं दुसरी. हात थांबला तर जेथें थांबला तेथें ओरखडा उमटावयाचा.

त्या तावावर उतरणारी शाईही तशीच विचारपूर्वक केलेली असे. ‘शाई’ हा शब्द फारसींतील ‘सियाही’ म्हणजे काळेपणा यावरून आला. आणि तो काळेपणा दिव्याच्या काजळीचा. काजळींत डिंकाचें पाणी घालून ती खलांत दिवसेंदिवस घोटीत. काजळीचे कण पाण्यांत विरघळत नाहींत, नुसते तरंगतात. डिंक त्यांना धरून ठेवतो आणि शाईला दाटपणा आणतो. दाट शाई पोकळ्यांत शिरण्यास नाखूष असते. अशा रीतीनें शाई फुटूं न देण्याची कामगिरी एकट्या कागदावर न टाकतां कागद, शाई आणि बोरू या तिघांनीं वांटून घेतली होती. उरलीसुरली ओल टिपण्यासाठीं लिहिल्यावर पत्रावर बारीक वाळू भुरभुरीत आणि मग ती झाडून टाकीत.

समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर वाटोळें व मोकळें असावें, ओळी सरळ व सारख्या अंतरावर असाव्या, येथेंच ते थांबत नाहींत. निरनिराळ्या देशांचे बरू आणावे, मसीचा संग्रह असावा, पानाच्या चहूंकडे मोकळी जागा सोडावी, म्हणजे कडा झिजल्या तरी अक्षरास धक्का लागणार नाहीं, असें व्यवहारज्ञानही ते सांगतात. ज्या काळीं ग्रंथ म्हणजे एका माणसाच्या हातची कित्येक महिन्यांची मेहनत, त्या काळीं कागद आपल्यामागें टिकणार आहे या जाणिवेनेंच माणूस लिहावयास बसत असे. नकलनविसाची चूक झाली तर त्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन वर पुन्हां लिहीत. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार त्यांतूनच निघाला. काम झालें कीं पोथी फडक्यांत बांधून ठेवीत. ‘बासनांत गुंडाळणें’ हा वाक्प्रचारही त्याच दप्तराचा.

या पद्धतींत उणीव नव्हती असें नव्हे. कांजी हें अन्नच. म्हणून कसरीला आणि वाळवीला असा कागद फार आवडतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेंत त्यावर बुरशी चढते. काजळीची शाई वर बसलेली असल्यामुळें पाणी सांडलें तर मजकूर वाहून जातो. कोंकणांतील व देशावरील कितीतरी दप्तरें अशींच नष्ट झालीं. पण ज्यांना किडीनें व पाण्यानें वगळलें त्या कागदांचा कस मात्र कायम राहिला. चुन्याचा जो अंश लगद्यांत मागें राहत असे तो पुढें कागदांत उत्पन्न होणाऱ्या आम्लाला मारून टाकी. कागद्यांना या रसायनाचें नांव ठाऊक नव्हतें. परंतु त्यांच्या हातून तें घडत होतें.

युरोपांत कागद अरबांकडूनच गेला. पण तेथें त्याच्याविषयीं आरंभीं अविश्वास होता. सम्राट दुसरा फ्रेडरिक यानें १२३१ मध्यें सरकारी दस्तऐवज कागदावर लिहिण्यास मनाई केली; ते चर्मपत्रावरच असावेत असा त्याचा दंडक होता. तेथील लेखणी होती पिसाची, टोंकदार आणि बोचणारी. आणि शाई होती मायफळ व हिराकस यांची, पातळ व आम्लयुक्त. ही शाई वर बसत नाहीं, तंतूंत शिरून तेथें काळी पडते. कांजी लावलेला मऊ कागद या जोडीपुढें कसा टिकावा? इटलींतील फाब्रिआनो येथील कागद्यांनीं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत यावर तोड काढली. कातड्याचे तुकडे व खुरें उकळून काढलेल्या पातळ, कोमट सरसांत वाळलेला ताव बुडवावयाचा, दाबून जास्तीचा सरस काढावयाचा, आणि ताव पुन्हां दोरीवर वाळवावयाचा. त्यामुळें कागद खडखडीत झाला, पिसाच्या टोंकाला पुरून उरला, आणि शाई नेमकी जेथल्या तेथें थांबूं लागली.

परंतु या कामीं नासधूस फार होई. ओला ताव हातांतच फाटे; इतके ताव वायां जात कीं इंग्रज कागदी आपल्या खळ देण्याच्या खोलीला ‘कत्तलखाना’ म्हणत. उकळत्या कातड्याची दुर्गंधी निराळी, आणि उन्हाळ्यांत सरस नासे तो निराळाच. तो नासूं नये व घट्ट बसावा म्हणून पुढें त्यांत तुरटी घालण्याची चाल पडली. खळ नीट बसली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कागदी तावाच्या कोपऱ्याला जीभ लावी. थुंकी चटकन शोषली गेली तर ताव परत सरसांत. तशीच वर राहिली तर ताव विक्रीस तयार.

पांचशें वर्षें ही व्यवस्था चालली. मग यंत्र आलें. फ्रान्समध्यें निकोला लुई रोबेर यानें कागदाच्या यंत्राचें पेटंट १७९९ मध्यें घेतलें, आणि लवकरच इंग्लंडांत फुर्ड्रिनिअर बंधूंच्या पैशानें तें यंत्र धांवूं लागलें. एकेक ताव सरसांत बुडविण्याची चाल आणि मैलोगणती कागद ओतणारें यंत्र यांचा मेळ बसणें कठीण होतें. अशा वेळीं जर्मनींतील एर्बाख गांवच्या मोरित्स फ्रीड्रिख इलिग यानें १८०७ मध्यें एक लहानशी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यांतील युक्ति साधी होती: तयार कागदाला बाहेरून खळ देण्याऐवजीं ती लगद्यांतच घालावी. राळ क्षारांत शिजवून तिचा साबण करावयाचा, तो लगद्यांत मिसळावयाचा, आणि वरून तुरटी टाकावयाची. तुरटीनें राळ फाटते, आणि तिचे सूक्ष्म कण तंतूंवर जाऊन बसतात. राळेला पाण्याचें वावडें. त्यामुळें यंत्रांतून बाहेर पडणारा कागद जन्मतःच लिहिण्याजोगा असतो. ना दुर्गंधी, ना कत्तलखाना, ना जास्तीची मजुरी.

या युक्तीचा प्रसार हळूहळू झाला, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती सर्वत्र पसरली. त्याच सुमारास चिंध्या अपुऱ्या पडूं लागल्या आणि लांकडाचा लगदा आला. कागद स्वस्त झाला. शाळकरी मुलाच्या हातीं पाटीऐवजीं वही आली, घरोघर पत्रव्यवहार सुरू झाला, कादंबऱ्या व मासिकें सामान्य संसारांत शिरलीं. इलिगच्या तुरटीचे हे उपकार लहान नव्हेत, आणि ते नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु त्या तुरटीनें आपली किंमत उशिरानें वसूल केली. कागदांत राहिलेली तुरटी हवेंतील दमटपणाशीं मिळून मंद गतीनें गंधकाम्ल उत्पन्न करिते; आणि हें आम्ल ज्या साखळ्यांचे तंतू बनलेले असतात त्या साखळ्याच एकेक करून तोडतें. कागद प्रथम कडेनें पिवळा होतो, मग तपकिरी, आणि शेवटीं पान उलटतां उलटतां त्याचा तुकडा बोटांत येतो. अक्षराची कड जराही फुटलेली नसते. कागदच फुटलेला असतो.

हा रोग किती खोल गेला आहे हें विसाव्या शतकाच्या मध्यास नीट कळलें. अमेरिकेंत व्हर्जिनिया येथें कागदपत्रांची डागडुजी करणाऱ्या विल्यम बॅरो यानें १९०० ते १९४९ या काळांत छापलेल्या ५०० पुस्तकांचा कागद घडी घालून व फाडून तपासला, आणि १९५९ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकीं बहुतेक पुस्तकें शतक संपेपर्यंत वापरण्याजोगीं राहणार नाहींत, असा त्याचा अंदाज होता. आणि अपराधी म्हणून त्यानें बोट दाखविलें तें मुख्यतः आम्लाकडे. याच्या उलट बाजूचा पुरावाही पुढें मिळाला. अमेरिकेंतीलच टिमोथी बॅरेट व त्याच्या सहकाऱ्यांनीं चौदाव्या ते एकोणिसाव्या शतकांतील दीड हजारांहून अधिक कागद तपासले. ज्यांत सरस व चुना जास्त होता ते कागद सामान्यतः अधिक चांगल्या स्थितींत आढळले.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाहीं. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ या काळांत छापून निघाले, आणि अठराव्या शतकांतील मराठी माणसांचीं पत्रें अभ्यासकांच्या हातीं पडलीं. मूळ पत्रें चुन्यांत भिजलेल्या, कांजी दिलेल्या, हातानें घोटलेल्या कागदावर आहेत. गेल्या दीडशें वर्षांतील मराठी छापील वाङ्मय मात्र पुष्कळसें गिरणीच्या कागदावर आहे. जुन्या ग्रंथालयांत एकाच छताखालीं हीं दोन जगें नांदतात. आणि पुष्कळदां पणजोबांचें हस्तलिखित सहज उलगडतें, पण नातवानें छापलेलें पुस्तक उघडतांना हात आखडावा लागतो. ज्या लहान मासिकांच्या व नाटकांच्या दुसऱ्या प्रती कोठेंच उरल्या नाहींत, त्यांचें पान मोडलें म्हणजे तो मजकूर कायमचाच गेला.

या रोगावर औषध निघालें आहे. तुरटीवांचून बसणाऱ्या नव्या रासायनिक खळी १९५० च्या दशकापासून वापरांत आल्या; त्यांच्याबरोबर लगद्यांत खडूची पूड घालतां येते. पुढें गिरण्यांनीं मोठ्या प्रमाणावर ही पद्धत उचलली ती मुख्यतः खडू स्वस्त पडतो म्हणून. १९९४ मध्यें टिकाऊ कागदासाठीं आंतरराष्ट्रीय मानकही ठरलें. आम्लाला मारणारा कांहीं क्षार कागदांत शिल्लक असलाच पाहिजे ही त्यांतील एक अट आहे. जुन्नरचा कागदी चुन्याच्या हौदांत जें नकळत साधीत होता, तें आतां मोजून मापून साधलें जातें. आम्लानें पोखरलेलीं जुनीं पुस्तकें क्षाराच्या पाण्यांत धुवून त्यांची झीज थोपवितां येते. मात्र मोडलेला तंतू पुन्हां सांधला जात नाहीं.

हातकागदावर बोरूनें लिहिण्याची हौस आजही अनेकांना आहे, आणि पहिल्याच ओळीला शाई फुटली म्हणजे तिचा विरस होतो. त्यांना जुनाच उपाय आजही उपयोगी पडतो. तांदळाची पातळ, गाळलेली कांजी तावाच्या दोन्ही अंगांस हलक्या हातानें लावावी, ताव सावलींत वाळवावा, गुळगुळीत दगडानें घोटावा, आणि शाईंत डिंकाचें थोडें पाणी घालावें. खळ कमी पडली तर शाई फुटते, जास्त झाली तर शाई वरून सरकते. योग्य प्रमाण दोन-तीन ताव वायां गेल्यावर हाताला कळतें. तुरटीची चिमूट टाकली तर काम अधिक लवकर होतें. पण आज लिहिलेला ताव नातवंडांनीं वाचावा अशी इच्छा असेल, तर ती चिमूट न टाकलेलीच बरी.